मोंब्रेलचं चर्च म्हसावदला दत्तक आलं, त्याची हकिकत

या ब्लॉगवर कोणीतरी विचारलं आहे, "आजी, तुम्ही फ्रेंच शिकलात, मग फ्रान्सला गेला होतात का?" पहिली गोष्ट, मला आजी म्हणू नये, बाई म्हणावं. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला आहे. दुसरी गोष्ट, फ्रान्सला मी गेले नाही. पण फ्रान्समधल्या एका गावच्या बाराव्या शतकातल्या चर्चचा इतिहास सांगायला मी एकदा चार दिवसांचा प्रवास केला, आणि तो म्हसावदपासून बैलगाडीने दीड तासावर. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, तो सगळा मुलूख धुळ्यात मोडायचा. त्या बाजूला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचावं, मध्येच प्रश्न विचारू नयेत.

निघायचं ठरलं ते असं. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धुळ्याच्या कॉलेजात स्टाफरूमच्या दाराशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. परीटघडीचं धोतर, टोपी, हातात टॉवेलात गुंडाळलेली लांब सुरळी. मोतीलाल पाटील, म्हसावदकडचे मोठे शेतकरी. गुजर समाजाचे, पूर्वज गुजरातेतून तापीकाठी आलेले, घरी ऊस, केळी, कापूस. गाव त्यांना मोतीआप्पा म्हणे.

"फिरंगी वाचतस त्या बाई तुम्हीच का?"

"फ्रेंच. बसा."

सुरळीत कॅलेंडरचं एक पान होतं. शेतातल्या ऑइल इंजिनच्या खोक्यात ते कॅलेंडर आलं होतं. महिना एप्रिल. वर चित्र: दगडी चर्च, टोकदार कमानींच्या खिडक्या, चौकोनी मनोरा, मनोऱ्याच्या टोकाला लोखंडी कोंबडा. खाली एक ओळ.

"काय लिखेल शे?"

"मोंब्रेल गावाचं चर्च, बारावं शतक."

"बस? आखो?"

"आणखी काही नाही. पुढे एप्रिलच्या तारखा आहेत."

आप्पा खचून बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे चित्र त्यांना इतकं आवडलं की वर्षभरापूर्वी त्यांनी गवंड्याला ते दाखवून गावात एक मंगल कार्यालय बांधून घेतलं. लग्नसराईत लग्नं, एरवी कापूस. पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं, कमळचं, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला. सुपारी फुटली होती. आणि भाटाने खो घातला.

भाट म्हणजे या घराण्यांच्या वंशावळी राखणारा माणूस. गुजरातेतून अक्कलकुव्यावरून दोन-तीन वर्षांनी येतो, लाल कापडात बांधलेला चोपडा सोडतो, घराघराची पिढ्यांची नावं वाचतो, नवी पोरं लिहून घेतो. त्या गावाची रीत अशी, की नव्या वास्तूत पहिली पंगत बसण्याआधी भाटाने वास्तूची वंशावळ म्हणायची. तोवर पाहुण्यांनी घास घ्यायचा नाही. भाटाने आप्पांचं कार्यालय चारही बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला: याचं रूप दुसऱ्या घरातून उचललेलं आहे. रूप उचललं म्हणजे दत्तक आणलं. दत्तकाची वंशावळ जन्मघरापासून म्हणतात. जन्मघर कोणतं, आणि त्याचं कुळ काय?

आप्पांजवळ उत्तर म्हणून एप्रिल महिना होता.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. प्रश्न बरोबर होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी तोच विचारत असे आणि त्यांना तो सुचत नसे. मी मोंब्रेलच्या धर्मगुरूंना पत्र लिहिलं. शिमग्यानंतर उत्तर आलं, बारीक सुवाच्य अक्षरात सहा पानं, चर्चचा सगळा इतिहास. एका भारतीय शेतकऱ्याला आपल्या चर्चविषयी इतकं वाटतं याचा त्यांना फार आनंद झाला होता. मी त्यांना लग्नाचं लिहिलं होतं. कापसाचं राहिलं होतं.

मराठी भाषांतर करून रजिस्टरने पाठवते, असं मी आप्पांना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं: "भाट कागदवरथीन लिखत नई, तोंडवरथीन लिखस. तुम्ही या." परीक्षा संपून सुट्टी लागली होती. गेले.

पहिला दिवस: धुळे ते म्हसावद आणि पुढे

पहाटे सहाची एस.टी. धरावी. आखाजीच्या दिवसांत दहानंतर खानदेशातल्या उन्हात प्रवास करणं हा शहाणपणा नव्हे. दोंडाईचाला चहा मिळतो, तो घ्यावा. भजी पाहून घ्यावीत. सारंगखेड्याला तापी ओलांडली की हवा बदलते असं लोक सांगतात. मला तशीच वाटली, फक्त धूळ काळी झाली. शहाद्याला गाडी बदलावी लागते. तिकीट तेव्हा किरकोळ होतं, आता किती आहे ते स्वतः चौकशी करून पाहावं. पाण्याचा तांब्या आपला न्यावा. पांघरूणही.

शहाद्यापुढे माझ्या मागच्या बाकावर दोघे बोलत होते.

"मोतीआप्पा किरिस्ताव व्हई गया म्हने."

"नई रे भो. किल्ला बांधा त्यानी."

"किल्लावर कोंबडा ऱ्हास का कोठे?"

"त्या कोंबडाकरताच ते किल्ला शे!"

मी मागे वळून सांगितलं, की ते बाराव्या शतकातलं गावचं चर्च आहे. म्हसावद येईपर्यंत दोघेही एक अक्षर बोलले नाहीत.

म्हसावदला आप्पा स्वतः दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. बसायला सोयीची, उतरायला नाही. कापूस केव्हाच निघून गेलेला, दोन्ही बाजूंना काळी उघडी शेतं, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. आप्पांनी हात करून तोरणमाळ कुठे ते दाखवलं. वास्तूचं लाकूड तिकडच्या बाजूने आलं होतं. ज्यांना वेळ आहे त्यांनी तोरणमाळला जरूर जावं, चढ उभा आहे. मला वेळ नव्हता. आणि मग शेतांच्या मधोमध मोंब्रेल दिसलं.

गवंड्याने प्रामाणिकपणे काम केलं होतं. चित्रात जे होतं ते सगळं होतं. टोकदार कमानी, त्यांवर "शुभ" आणि "लाभ". मनोरा. चित्रात दाराजवळ भिंतीला एक लांब वाकडी भेग होती, तीही त्याने चुन्यात मोजून मापून कोरली होती. चित्रात चर्चची पुढची आणि डावी बाजूच दिसत होती, म्हणून उजवी बाजू आणि पाठ साध्या गोदामाची होती, पत्र्याच्या दारांसकट. कोंबड्यावरून समाजात वाद झाला होता, कारण मांसाहार वर्ज्य. शेवटी पंचांनी ठरवलं, की तो कोंबडा नसून पिसं झडलेला मोर आहे.

संध्याकाळी कढी, खिचडी, त्यावर न विचारता ओतलेलं तूप. वाढायला कमळ होती. शहाद्याला राहून मॅट्रिक झालेली, बोलायला सडेतोड. पाण्याचा तांब्या ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"बाई, मन्हं लगीन त्या मोरखाल अडकेल शे."

"मुलगा तुला पसंत आहे?"

"नसता ते मी अडकेलच ऱ्हावू देती!"

नवऱ्या मुलाचं घर तापीकाठच्या एका गावी, दिवसभराच्या वाटेवर. घरातला शेवटचा शब्द त्याच्या थोरल्या काकूचा, मणिकाकूचा. तिने पूर्वी एकदा दुसऱ्या पुतण्याचं वऱ्हाड भरल्या मांडवातून उठवून नेलं होतं, कारण रीत चुकली. वऱ्हाड न जेवता उठलं की सोयरीक मोडली. आप्पांना दुसरीकडे मांडव घाला म्हणावं, तर त्यांनी चाळीस गावांत बोलून ठेवलेलं, की लग्न होईल तर इथेच. "बाप हट्टी, चुलतसासू कडक," कमळ म्हणाली. "आनि मधमा तुमनं फ्रान्स."

दुसरा दिवस: तोंडाने सांगितलेला इतिहास

सकाळी कार्यालयात सतरंजी घातली होती. एका टोकाला भाट, मूळजी, साठीचा, पांढऱ्या मिशांचा, मांडीवर चोपडा. दुसऱ्या टोकाला मी. मध्ये सगळं गाव.

"घर कोनी बांधं, बेन?" तो गुजराती वळणाने मला बेन म्हणे.

"आन्येस नावाच्या विधवेनं. नवरा लढाईवर गेला होता. सुखरूप परत आला तर चर्च बांधीन, असा नवस केला होता तिनं."

"उना तो?"

"नाही."

"नई उना, तरी बांधं?"

"तरी बांधलं. का, ते पत्रात दिलेलं नाही."

मूळजीने टाक खाली ठेवला. बायकांच्या बाजूने कोणीतरी नाक ओढलं. मग तो म्हणाला, नाव अन्नपूर्णा लिहू का. मी म्हटलं, आन्येस लिहा. त्याने तीनदा म्हणून पाहिलं आणि लिहिलं.

गवंडी पलीकडच्या खोऱ्यातून आले होते. ते मामाकूळ झालं. कुलदैवत कोण विचारल्यावर मी चर्चच्या संताची गोष्ट सांगितली: थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपली शाल अर्धी कापून दिली.

"अर्धीच काब्र?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "पुरी काब्र नई दिधी?"

"थंडी त्याले बी वाजत व्हई ना," दुसरा म्हणाला. पंचांना ते पटलं.

पुढे मी सांगितलं, की नदीकाठची माती मऊ, त्यामुळे एका पिढीतच मनोरा कोसळला आणि पुन्हा बुटका बांधला. भिंतीतली भेग तेव्हापासूनची. सगळ्यांच्या माना दाराजवळच्या चुन्याच्या भेगेकडे वळल्या. आप्पांचा चेहरा उतरला, कारण त्यांचीही जमीन काळी. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "आप्पा, तुमना मनोरा पोकय शे. पडाले बी वजन लागस."

मग लढाया आल्या. सैनिकांनी चर्चमध्ये घोडे बांधले. घोडे कुठले, सारंगखेड्याच्या बाजारातले तर नव्हेत, अशी चौकशी झाली. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये क्रांती झाली, तेव्हा काही वर्षं चर्चमध्ये धान्य साठवत. इथे आप्पा उठून उभे राहिले. "दखा! म्हंजे मूळ घर बी गोदामच व्हतं!" इतकं समाधान मी कुठल्याही परिषदेत निबंध वाचून कोणाला दिलेलं नाही.

अडलं ते मधेच. घोडे बांधल्यानंतर आग लागली, चर्चची दप्तरं जळाली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांचं काहीही ठाऊक नाही. मग एकदम एका सुताराने नवं छप्पर घातल्याची नोंद.

"मधलं?" मूळजी म्हणाला.

"मधलं नाही."

"नई म्हंजे?"

"पत्रात स्वच्छ लिहिलंय. ठाऊक नाही."

त्याने टाक पुसला. "बेन, खंडित वंश म्हंजे निर्वंश. निर्वंश घरथीन दत्तक लेता येत नई. शंभर वरीसना चार पिढ्या. चार नाव दे. चारच."

मी म्हटलं, मजजवळ नाहीत. तर गावाजवळ होती. न्हावी म्हणाला, त्याच्या आजाचं नाव लिहा, तोही फार लांब लांब जायचा. शिंप्याचा पणजा बारा वर्षं बेपत्ता होता. "कोठे गया व्हता कोनले ठाव नई. फ्रान्सलेच गया व्हई!" बारा वर्षांनी शंभर भरत नाहीत, हे मी दाखवून दिलं. "मंग असा आठ जन सोधा," शिंपी म्हणाला. तासाभरात बेपत्ता पूर्वजांची यादी तयार झाली. एका बाईने आपल्या दिराचं नाव दिलं. तो गेल्या महिन्यात सुरतेला गेला होता आणि अजून आला नव्हता.

दुपारी आप्पा माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, चार नाव. देवले काय फरक पडस?"

"देवाला पडत नाही. मला पडतो."

कमळ दारात उभी होती. ती पदर सावरून आत निघून गेली. त्याचा मला त्रास झाला. उगाच नाही म्हणणार नाही. उद्या वऱ्हाड उठलं तर ते माझ्या हट्टापायी उठणार होतं, आणि मी परवा धुळ्याला जाऊन पेपर तपासायला बसणार होते. तिने कुठे जायचं?

ऊन कलल्यावर मी मूळजीकडे गेले. तो अंगणातल्या बाजेवर बसून उद्यासाठी नवऱ्या मुलाकडची वंशावळ घोकत होता. मी चोपडा पाहायला मागितला. गुजराती लिपी मला सावकाश वाचता येते. त्याच वंशावळीच्या एका पानावर चार नावं: हिरजी, गोविंद, रामजी, जेठा. पान उलटलं. हिरजी, गोविंद, रामजी, जेठा. दुसऱ्या पानाचा कागद जास्त पांढरा होता.

"ही चार नावं दोनदा आहेत."

"नातूले आजानं नाव देतस, बेन."

"चारही? त्याच क्रमाने?"

त्याने मिशी ओढली. मग आवाज उतरवून म्हणाला, की त्याच्या आजाच्या वेळी तापीत नाव कलंडली, चोपडा भिजला, मधली पानं गेली. आजाने ती भरून काढली. बापाने मरताना त्याला सांगितलं.

"मणिकाकूंना ठाऊक आहे?"

"त्या बाईले ठाव व्हतं ते मी जित्ता ऱ्हातू का?"

"मी कोणाला सांगणार नाही. चोपडा तुमचा आहे. पण माझ्या तोंडची म्हणून चार नावं लिहू नका."

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग फ्रान्सचं पत्र मागितलं. पाकीट उलटसुलट केलं. "हाऊ कागद कोठून उना?"

"मोंब्रेलहून. त्याच चर्चमधून."

"कवय?"

"महिना झाला."

त्याने पाकिटावरच्या तिकिटावरून अंगठा फिरवला. मी ते त्याच्याकडेच ठेवलं आणि हात धुवायला गेले.

तिसरा दिवस: आखाजी

सकाळी घरोघरी मातीच्या घागरी भरून पूजल्या जात होत्या. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. ज्या त्या पितराची ज्याची त्याला. चुलीवर पालथ्या खापरावर हातभर रुंदीचे पुरणाचे मांडे भाजणं चाललं होतं, शेजारी आमरसाची पातेली. हे जेवण मिळणार असेल तर आदल्या दिवशी कमी जेवावं.

वऱ्हाड मुक्कामाला म्हसावदला येऊन राहिलं होतं, ते दहा वाजता गाड्यांतून आलं. पांढऱ्या लुगड्यातली एक काटकुळी बाई आधी उतरली. मणिकाकू. तिने वर पाहून मोर पाहिला. काठीने दाराजवळची भिंत ठोकली.

"नवा घरले भेग?"

"जुनी शे, माय," आप्पा म्हणाले. "आठशे वरीसनी."

वऱ्हाड ओळीने बसलं. समोर पत्रावळी मांडलेल्या नव्हत्या. वंशावळ म्हणून झाली की मांडायच्या. आतल्या दाराआड हळद लागलेली कमळ उभी होती, बांगड्यांचा आवाज येत होता. मूळजी उभा राहिला आणि त्याने खड्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. आन्येसबाईनी बांधं, नवस फळना नई तरी बांधं. पलीकडल्या खोऱ्याचं मामाकूळ, अर्ध्या शालीचं दैवत. मनोरा पडना, आखो उभारा. घोडा बांधात, आग लागनी. सहा कोरडी पानं मी वाचली होती. ती अशी म्हणता येतील असं मला वाटलं नव्हतं. वऱ्हाडातले म्हातारे डोलत होते.

मग तो थांबला.

"आठून पुढे शंभर वरीस माले ठाव नई. बेनले ठाव नई. त्या घरले बी ठाव नई."

"मंग निर्वंश!" वऱ्हाडातून कोणी ओरडलं. दोघे-तिघे उठले, एकाने जोडाही पायात घातला. आप्पांनी खांबाला टेकून डोळे मिटले. बांगड्यांचा आवाज बंद झाला.

मूळजीने खिशातून पाकीट काढून वर धरलं. "निर्वंश घर कागद लिखत नई! महिनाखाल त्याच घरना कागद उना. दखा!"

मणिकाकूने हात पुढे केला. पाकीट हाती घेऊन तिने तिकीट नखाने खरवडून पाहिलं, शिक्का उजेडात धरला, वास घेतला. पाकीट ओळीतून फिरलं. जोडा घातलेल्या माणसानेही पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"टिकीट खरं शे?"

"खरं आहे."

"चार नाव टाकता नई येत व्हतात का तुले?"

"येत होती."

"मंग?"

"ठाऊक नव्हती."

तिने मला नीट न्याहाळलं. माझ्या विद्यार्थ्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मग काठी मूळजीकडे वळली.

"मूळजी, आमना चोपडामा बी अशी जागा शे का?"

त्याने चोपडा छातीशी धरला. नाही म्हणणं सोपं होतं. "शे, माय," तो म्हणाला.

"कितली?"

"चार पिढ्या."

"मंग आजलोंग तू काय वाचत व्हता?"

"तेच चार नाव, माय. दुसरांदाव."

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. मणिकाकूचा आवाज मात्र चढला नाही.

"म्हंजे लगीन करी उनू तवयपासून मी एकाच हिरजीना दोन घागरी भरी ऱ्हायनू? आज सकायले बी दोन भऱ्यात!"

मूळजीने मान खाली घातली. तिने थोडा वेळ हिशेब केल्यासारखं बोटांवर बोट ठेवलं, कदाचित इतक्या वर्षांतल्या घागरींचा. कोणी हसायची छाती केली नाही.

"एक हिरजीनी," ती शेवटी म्हणाली. "दुसरी ज्यासनं नाव ठाव नई त्यासनी. तहान त्यासले बी लागत व्हई." आणि आप्पांकडे न पाहता: "आप्पा, झोपना का? पानं मांडा."

पानं मांडली गेली. पंगत उठायला दोन तास लागले, आणि लग्न मुहूर्तावर लागलं. नवरा मुलगा नीटनेटका होता. कमळने माळ घालताना माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढं पुरे.

दुपारी मात्र मूळजीला गावाने घेरलं. प्रत्येकाला आपल्या घराची कोरी जागा पाहायची होती. सुरुवातीला लोक घाबरत विचारत होते. चहाच्या वेळेपर्यंत त्याची बढाई झाली. "आमनी दीडशे वरीस ठाव नई, तुमनी ते साठच!" ज्या एका घराची वंशावळ अखंड निघाली, तो माणूस तोंड पाडून बसला आणि मूळजीला पुन्हा नीट पाहायला सांगू लागला. शिंपी सगळ्यात खूश होता. त्याच्या पणजाच्या बारा वर्षांची आता अधिकृत नोंद झाली होती: ठाव नई.

चौथा दिवस: परत

सकाळी लवकर निघावं. उन्हाबद्दल वर सांगितलंच आहे. दमणीत बसण्याआधी मूळजी चोपडा घेऊन आला. वास्तूच्या पानावर शेवटी माझं नाव लिहायचं होतं.

"कशासाठी? मी फक्त सांगितलं."

"घरनी वंशावळ तोंडवरथीन परकं मानूस सांगत नई, बेन. सांगस ती त्या घरनी आंडेर."

आंडेर म्हणजे लेक. मी त्याला समजावलं, की मी मोंब्रेलच्या चर्चची लेक नाही, मी ते पाहिलेलंही नाही. तो म्हणाला, "मंग आते तूच खोटं बोली ऱ्हायनी. सांगं कोनी? तू सांगं." त्याने लिहिलं. आप्पांच्या घरच्यांनी लेकीला देतात तसं लुगडं दिलं आणि पाच मांडे फडक्यात बांधून दिले. मांडे दोंडाईचापर्यंत टिकले.

मोंब्रेलच्या धर्मगुरूंना मी सगळं खरं खरं लिहिलं, कापसासकट. त्यांनी कळवलं, की ते पत्र त्यांनी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं, आणि गावातल्या एका म्हातारीने मोर पाहायची इच्छा व्यक्त केली.

तुम्ही जाणार असाल तर आता रस्ते चांगले आहेत. वास्तू उभी आहे. गावाचं नाव मी देणार नाही. तिथे घरातली माणसं नांदतात, त्यांना उगाच फोटो काढणाऱ्यांचा त्रास नको. शेतांमध्ये मनोरा दिसला की समजून घ्या आणि पुढे जा.

आखाजीला खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पुढच्या वर्षी ती परीक्षेच्या दिवसांत आली. आप्पांचं कार्ड आलं: "आखाजी शे. माहेरले या. गाडी म्हसावदले." माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, वाढले काकांकडे, लग्न मी केलं नाही. मी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माहेरी जाणे.

आमचे हेडक्लार्क सावध गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर केला. "बाई, सासर नाही, तर माहेर कुठून आलं?"

"म्हसावदजवळ आहे."

"कोण असतं तिथे?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं: एक बाराव्या शतकातलं चर्च. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. बाई खोटी रजा मागत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"याला कागद काही आहे का?"

"कागद नाही. चोपड्यात आहे."

त्यांनी रजा मंजूर केली. रकान्याला हात लावला नाही.